सेट चालू असताना लक्ष नेमकं कुठे असावं?

बेंचवर_अडलेला

नमस्कार मंडळी. वय ३४, वजन ७२ किलो, वजनाचा व्यायाम सुरू करून दीड वर्ष झालं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी साधारण सव्वा तास. सध्या स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बैठक) ८० किलो ५ रेप, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) १०० किलो ५ रेप, बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन बार वर ढकलणं) ६० किलो ६ रेप. रेप म्हणजे एकदा वजन वर-खाली करणं, आणि न थांबता केलेल्या रेपचा गट म्हणजे सेट. यातला बेंच गेले तीन महिने तिथेच आहे.

खरी अडचण आकड्यांची नाही असं वाटतं. हात बार ढकलत असतात आणि डोकं भलतीकडे असतं. सहावा रेप संपला की तिसरा कसा गेला हे सांगता येत नाही. दोन सेटच्या मध्ये मोबाइल हातात येतो, त्यामुळे विश्रांती कधी एक मिनिट होते, कधी सात.

ट्रेनर म्हणतात, "मसल फील करा." जुनी मंडळी म्हणतात, "फील विसर, बार ढकल." दोघांचीही शरीरं कमावलेली आहेत, मग ऐकायचं कुणाचं? लॅट पुलडाउन (वरची दांडी खाली ओढणं) आणि रोइंगला (वजन अंगाकडे ओढणं) तर पाठ कामच करत नाही, आधी मनगटाजवळचे स्नायू भरून येतात आणि पकड सुटते. सेट खरंच अवघड होता की मीच लवकर सोडला, तेही कळत नाही. श्वासाचंही तसंच: वर ढकलताना सोडायचा की धरून ठेवायचा?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. "मन लावून करा" एवढ्यावर भागवू नका, मन कुठे लावायचं तेच विचारतोय.

---

पोलाद

दोन्ही सल्ले योग्य आहेत, फक्त ते वेगवेगळ्या वजनांसाठीचे आहेत. जड वजन असेल तर लक्ष शरीराबाहेर ठेवा: बारवर, जमिनीवर, बार जिथे न्यायचा त्या जागेवर. हलकं वजन आणि एकाच सांध्याची हालचाल असेल, म्हणजे कर्ल (कोपर वाकवून वजन उचलणं), फ्लाय, लॅटरल रेज, तर लक्ष स्नायूवर.

हालचाल आणि अवधान या विषयावर गाब्रिएले वुल्फ यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बरंच काम केलं आहे. त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं की स्वतःच्या अवयवापेक्षा हालचालीच्या परिणामावर लक्ष ठेवलं तर हालचाल जास्त सफाईने होते. जड स्क्वॉटमध्ये पोटरीपासून मानेपर्यंतचे स्नायू एका क्रमाने काम करतात आणि तो क्रम मेंदू आपला आपण लावतो. मध्येच "मांडी आवळ" असा हुकूम सोडला की मांडीबरोबर तिच्या उलट काम करणारे स्नायूही आवळले जातात आणि तेवढंच वजन जास्त जड लागतं.

तुमच्या बेंचवर थेट लागू होणारं एक निरीक्षण सांगतो. २०१६ मध्ये कालातायुद आणि सहकाऱ्यांनी सरावलेल्या पुरुषांना बेंच प्रेस करताना छातीवर लक्ष द्यायला सांगून स्नायूंची विद्युत हालचाल मोजली. कमाल वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत छातीचं काम खरोखर वाढलं. ८० टक्क्यांवर फरक पडला नाही, कारण एवढ्या वजनाला स्नायू तसेही पूर्ण कामाला लागलेले असतात.

आता तुमचं गणित. एका रेपचं कमाल वजन काढायचं ढोबळ सूत्र असं: वजन × (१ + रेप ÷ ३०). ६० किलोचे ६ रेप म्हणजे ७२ किलो. त्यामुळे ६० किलो हे तुमच्या कमाल वजनाच्या ८३ टक्के झाले आणि ६० टक्के म्हणजे ४३ किलो. याचा अर्थ, छाती जाणवायची ती ४० किलोच्या वॉर्म-अपला. ६० वर बार आल्यावर छाती शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, तिथे बार हलवणं एवढंच काम.

उलट बाजूही सांगायला हवी. २०१८ मध्ये शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी नवख्या तरुणांचे दोन गट केले. एकाला स्नायू आवळण्यावर लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला वजन हलवण्यावर. ८ आठवड्यांनी दंडाच्या पुढच्या स्नायूची जाडी पहिल्या गटात १२.४ टक्के वाढली, दुसऱ्यात ६.९ टक्के. मांडीत मात्र म्हणावा असा फरक निघाला नाही. ही मुलं नवशिकी होती, म्हणून आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नका. पण तुमचे ट्रेनर कर्लच्या वेळी "फील करा" म्हणत असतील तर ते बरोबर सांगतायत.

बेंचची मांडणी आता बारकाईने बघू. लक्ष हरवण्याची सुरुवात बहुतेक वेळा बाकावर आडवं होतानाच झालेली असते.

आडवे व्हा, डोळे बारच्या बरोबर खाली आले पाहिजेत. डोकं त्याहून वर सरकलं तर वर ढकलताना बार रॅकच्या आकड्यांना अडकतो, फार खाली राहिलं तर बार काढतानाच खांदे पुढे ओढले जातात. खवाटे मागे एकमेकांकडे आणि खाली कमरेकडे ओढा आणि बाकात रुतवा. सेट संपेपर्यंत ते तिथून हलता कामा नयेत. टाचा जमिनीवर, कुल्ले बाकावर. बार तळहाताच्या खालच्या, मनगटाजवळच्या गादीवर घ्या. तो बोटांच्या मुळाशी घेतला तर मनगट मागे मोडतं आणि ताकद बारच्या मागून जाते. अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच हवा, यात तडजोड नाही. बार छातीला टेकलेला असताना कोपर ते मनगट हा भाग समोरून पाहिल्यावर उभा दिसला की हातांमधलं अंतर बरोबर.

खाली आणायला साधारण दोन सेकंद घ्या. बार छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर टेकतो, कोपरं धडापासून ४५ ते ७० अंशांत. वर जाताना बार सरळ रेषेत जात नाही, थोडा मागे, खांद्यांच्या वर येतो. म्हणून बेंचची सगळ्यात उपयोगी खूणगाठ: "बार मागे रॅककडे." एवढे तीनच शब्द मनात. पाचव्या-सहाव्या रेपला कोपरं बाहेर फाकतात, बार गळ्याकडे झुकतो, कुल्ले उचलले जातात. या तिन्ही चुका वेगवेगळ्या सुधारायला गेलात तर एकही सुधारणार नाही. एका सेटला एकच खूण. पुढच्या सेटला हवी तर बदला.

स्क्वॉटची खूण: "जमीन खाली ढकल", वजन टाच आणि चवडा दोन्हींवर. डेडलिफ्टला उचलण्याआधी बार हलकाच वर ताणा. बार आणि प्लेटचं भोक यांत थोडी फट असते, ती मिटताना 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकू आल्याशिवाय जोर लावू नका. त्या आवाजाची वाट पाहण्यात लक्ष आपोआप गोळा होतं. थेट हिसका मारला तर कोपरं वाकतात, कंबर गोल होते आणि पहिलाच रेप सगळ्यात वाईट निघतो.

---

खडू_आणि_पकड

पोलाद यांनी बेंचचं सगळं सांगितलंय, मी फक्त पाठीचं लिहितो.

पाठ जाणवत नाही याचं कारण बहुतेक वेळा वजन जास्त असणं हेच. लॅट हा पाठीचा रुंद स्नायू दंडाच्या हाडाला वरच्या टोकाशी जोडलेला आहे. त्याचं काम दंड खाली आणि मागे आणणं. मनगट किंवा तळहात याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. वजन जड झालं की आपण दांडी घट्ट आवळतो, मनगट आत वळवतो, आणि ओढ कोपर वाकवण्यातून सुरू होते. मग बायसेप आणि पकडीचे स्नायू आधी थकतात आणि पाठ ताजीच राहते.

दोन आठवडे असं करून पाहा. पुलडाउनचं वजन सध्याच्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. ४५ करत असाल तर ३०. पकड खांद्यांपेक्षा थोडी रुंद, बोटं आकड्यासारखी, दांडी हातात चिरडायची नाही. हात पूर्ण वर ताणलेले असताना कोपर न वाकवता फक्त खांदे कानांपासून खाली ओढा. हालचाल जेमतेम दोन-तीन इंचांची असते. तिथून पुढे कोपरं पँटच्या मागच्या खिशांकडे न्या. दांडी हनुवटीच्या खाली, गळ्याच्या हाडांच्या आसपास आली की एक सेकंद थांबा आणि परत वर जायला तीन सेकंद घ्या. १० ते १२ रेप. दांडी पोटापर्यंत आणायचा हट्ट केला की खांदे पुढे गोल होतात आणि लॅटचं काम संपलेलं असतं.

एका हाताच्या डंबेल रोइंगलाही तेच: डंबेल छातीकडे न ओढता कमरेकडे. छातीकडे ओढला तर मानेजवळचा भाग जास्त लागतो. मोकळ्या हाताची बोटं काखेच्या खाली, बरगडीच्या बाजूला ठेवून बघा, स्नायू फुगतोय का ते हाताला लागतं. सोबत कुणी असेल तर त्याला तिथे दोन बोटं टेकवायला सांगा. स्पर्श झाला की मेंदूला जागा लगेच सापडते, नुसतं शोधून तितकी सापडत नाही.

हे करूनही पकडच आधी सुटत असेल तर हातांना खडू लावा, आणि जड सेटला मनगटाला बांधून दांडीभोवती गुंडाळायचे पट्टे वापरा. पट्टे वापरणं म्हणजे कमीपणा हा समज सोडून द्या. पाठीच्या दिवशी पाठ दमली पाहिजे. पकडीसाठी शेवटी बारला लोंबकळून राहा, २० ते ३० सेकंद, तीन वेळा.

---

तालीमवाला

थोडं वेगळं, पण विषयाशी जोडलेलं. आपल्याकडच्या तालमींत मुद्गल फिरवतात, तो प्रकार लक्ष शिकवायला फार चांगला आहे. मुद्गलाचं वजन मुठीपासून लांब, टोकाकडे असतं. तो पाठीमागे गेला की दिसत नाही, फक्त जाणवतो. मन हललं की लगेच खांदा ओढला जातो किंवा मुद्गल पाठीला लागतो. वॉर्म-अपला प्रत्येक हाताने १० फेरे, सुरुवात ३-४ किलोच्या मुद्गलापासून. खांदेही मोकळे होतात आणि मोबाइलही आपोआप बाजूला राहतो.

जिममध्ये मुद्गल नसेल तर रिकाम्या बारने तेच साधा. रिकाम्या बारचा पहिला सेट बरेच जण उरकून टाकतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा सेट वाटतो. ६० किलोला ज्या वेगाने, ज्या मांडणीने करायचं, अगदी तसंच २० किलोला करा.

---

वहीतला_आकडा

तुमच्या "सेट अवघड होता की मीच सोडला" या प्रश्नावर लिहितो, कारण तीन महिने अडकण्याचं मूळ मला इथे दिसतंय.

सेट संपला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: याच मांडणीत अजून किती रेप झाले असते? त्याला शिल्लक म्हणू. अंदाज हवेत नको, वेगावरून घ्या. सगळे रेप एकाच वेगाने गेले तर शिल्लक तीन किंवा जास्त. शेवटचा रेप डोळ्यांना दिसेल इतका हळू झाला तर साधारण दोन. अर्ध्या वाटेवर बार क्षणभर थबकला आणि मग गेला तर एक. मोठ्या व्यायामांना बहुतेक सेट शिल्लक १ ते ३ मध्ये थांबवा. प्रत्येक सेट शून्यापर्यंत नेलात तर पुढच्या सेटचे रेप गळतात आणि मांडणीही बिघडते.

सुरुवातीला हा अंदाज चुकतो, आणि बहुतेकांचा एकाच बाजूला चुकतो: शिल्लक असते त्यापेक्षा कमी वाटते. तो नीट बसवायची पद्धत अशी. लेग एक्स्टेन्शन किंवा चेस्ट प्रेस मशीनवर, जिथे अंगावर काही पडायची भीती नाही, शेवटच्या सेटला "आता तीन उरले" असं वाटलं की तोंडाने म्हणा, आणि मग खरंच जमेनासं होईपर्यंत करत राहा. तीनच्या ऐवजी सहा निघाले तर तुम्ही दर सेटला तीन रेप आधीच सोडताय. तीन-चार आठवड्यांतून एकदा हे पुरे. १५-२० रेपच्या सेटला हा अंदाज जास्त चुकतो, जळजळीने माणूस फसतो. म्हणून ६ ते १० रेपच्या वजनावर करा.

आता बेंच. बऱ्याच जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की ६० वरून थेट ६५, म्हणजे ८ टक्क्यांची उडी. सहा रेपवर असलेल्या माणसाला ही उडी झेपत नाही, म्हणून तो ६० वरच राहतो. सव्वा किलोच्या दोन प्लेट विकत घ्या आणि बॅगेत ठेवा. उडी अडीच किलोवर येते.

आणि सहा आठवडे ६० सोडून द्या. ५५ वर या: ३ सेट, प्रत्येकी ६ रेप, शिल्लक साधारण तीन. दर वेळी जमेल तिथे एक रेप वाढवा. तिन्ही सेट ८ झाले की ५७.५, पुन्हा ६ पासून. हा काळ चूक दुरुस्त करण्यासाठी आहे. कमाल वजनाला चूक दुरुस्त होत नाही, तिथे शरीर जुन्याच सवयीने धावतं.

वॉर्म-अप असा: रिकामा बार १० रेप, ४० किलो ६ रेप (खाली यायला तीन सेकंद, इथे छाती जाणवू द्या), ५० किलो २ रेप, मग ५५ चे सेट. ४० ला १५-१५ रेप मारून स्वतःला दमवू नका.

मोठ्या व्यायामाला सेटच्या मध्ये तीन मिनिटं, कर्ल वगैरेला दीड. शोनफेल्ड यांच्याच २०१६ च्या अभ्यासात सरावलेल्या तरुणांत तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद आणि स्नायूंची जाडी दोन्ही एक मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली होती. तुमच्यासारखी एक ते सात मिनिटांची विश्रांती असेल तर आकड्यांची तुलनाच होत नाही. आज ६ रेप झाले ते ताकदीने की सात मिनिटं बसल्याने, हे कोण सांगणार?

त्या तीन मिनिटांत पहिलं मिनिट वहीत लिहायचं, दुसरं उभं राहून किंवा चालत श्वास खाली आणायचा, तिसऱ्यात पुढच्या सेटची खूण मनात म्हणायची आणि डोळ्यांपुढे एक रेप करून पाहायचा. वेळेसाठी साधं हातातलं घड्याळ. मोबाइल फक्त चित्रीकरणाला, आणि तेव्हा विमान मोडवर. बेंचचं चित्रण बाजूने, बाकाच्या उंचीवरून, आठवड्यातून एकाच सेटचं. प्रत्येक सेट शूट केला की लक्ष कॅमेऱ्यात जातं.

वहीतली ओळ अशी दिसावी:

बेंच, ५५, ७ रेप, शिल्लक २, खूण: बार मागे. सहाव्याला डावं कोपर बाहेर.

शेवटचं वाक्य लिहिता आलं नाही तर सेटमध्ये लक्ष नव्हतं. वहीत ती जागा रिकामी सोडा. दोन आठवड्यांनी पानं उलटली की कुठल्या व्यायामाला आणि कितव्या सेटला मन उडतं ते दिसेल. बहुतेकांचं शेवटच्या सेटच्या मधल्या रेपना उडतं. तिथे मोजणी उलटी करा: सात, सहा, पाच. उलटं मोजायला थोडं जागं राहावं लागतं.

---

सांधेमित्र (फिजिओथेरपी)

श्वास आणि दुखणं, दोन्हींवर.

जड स्क्वॉट-डेडलिफ्टला श्वास धरणं चूक नाही. पोटातला दाब वाढला की धड ताठ राहतं आणि कण्याला आतून आधार मिळतो. पण तो दाब नेमका कसा तयार करायचा हे शिकावं लागतं. दोन्ही अंगठे कमरेच्या हाडाच्या वर, बाजूच्या मऊ भागात रुतवा. नाकाने श्वास घ्या आणि अंगठे बाहेर ढकलले जातायत का पाहा. नुसतं पोट पुढे आलं किंवा खांदे वर गेले तर श्वास चुकीच्या जागी गेला. बाजू आणि पाठ दोन्ही फुगायला हवेत. मग कुणीतरी पोटात बुक्की मारणार आहे असं समजून पोट घट्ट करा. हे आधी बसून, मग रिकाम्या बारखाली.

क्रम असा: वर उभं असताना श्वास, धरून खाली, धरूनच वर यायला सुरुवात, सगळ्यात अवघड टप्पा ओलांडला की सोडा. प्रत्येक रेपला नवा श्वास. एकाच श्वासात पाच रेप ओढू नका, चक्कर येते. बेंचलाही हेच. कर्ल, पुलडाउन यांना धरायची गरज नाही, जोर लावताना सोडा, परत जाताना घ्या.

कमरेचा पट्टा वापरत असाल तर पोट त्याच्यावर दाबायचं असतं. नुसता आवळून बांधला आणि श्वास वरवरचा घेतला तर पट्टा असून नसल्यासारखा.

आता सावधगिरी, आणि ही मनापासून सांगते. श्वास धरून जड वजन ढकलताना रक्तदाब काही क्षण फार चढतो. १९८५ मध्ये शरीरसौष्ठव करणाऱ्यांच्या धमनीत नळी घालून मोजला गेला तेव्हा दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी ३२०/२५० भरला होता. निरोगी माणसाचं शरीर तो क्षण सहन करतं. रक्तदाबाचा त्रास, काचबिंदू, हर्निया, डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास धरू नका. वजन कमी, रेप जास्त, आणि जोर लावताना दातांतून 'स्स्स' करत श्वास सोडायचा.

लक्ष देण्याचा अर्थ दुखण्याकडे लक्ष देणं हाही आहे, आणि त्यात फरक करता यायला हवा. स्नायूच्या मधल्या, मांसल भागात पसरट जळजळ, सेट थांबल्यावर मिनिटाभरात ओसरते: ती चालेल. सांध्याच्या आत बोट ठेवून दाखवता येईल अशी टोचणी, एकाच कोनात दर वेळी येणारी कळ, हातापायात मुंग्या किंवा बधिरपणा: सेट तिथेच थांबवा. किरकोळ दुखणं शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल तर वजन कमी करून चालू ठेवता येतं. सकाळी वाढलं असेल तर आदल्या दिवशीचं वजन किंवा सेट जास्त झाले. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांत माप वगैरे लावत बसू नका, थेट दवाखाना.

बेंचला खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं अशी तक्रार फार येते. दोन गोष्टी आधी तपासा: खवाटे मध्येच सुटतायत का, आणि बार छातीवर फार वर, गळ्याकडे टेकतोय का. पकड दोन्हीकडून एकेक बोट आत घेऊन पाहा. तरी दुखलं तर दोन आठवडे डंबेल घ्या, तळवे एकमेकांकडे थोडे वळवून.

---

बेंचवर_अडलेला

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या सोमवारचं असं लिहून काढलंय, चूक असेल तर सांगा.

मुद्गल नाहीत, म्हणून रिकामा बार १० रेप. ४० वर ६, तीन सेकंद खाली, छाती जाणवून. ५० वर २. मग ५५ चे ३ सेट, ६-६-६, खूण एकच: बार मागे रॅककडे. मध्ये तीन मिनिटं, घड्याळ हातात, मोबाइल कुलपात. मग पुलडाउन ३० किलो, १२ चे ३ सेट, आधी खांदे खाली, मग कोपरं खिशांकडे. शेवटी बारला लोंबकळणं. दर सेटनंतर वहीत एक ओळ.

दोन शंका. जिममधला बार २० किलोचाच आहे हे कसं समजायचं, त्यावर काही लिहिलेलं नाही. आणि सकाळी साडेपाचला सोबत कुणी नसतं, तर बेंच एकट्याने करावा का?

---

पोलाद

आराखडा चांगला आहे. एकच बदल करा: पहिल्या सोमवारी पुलडाउनला १२ चा हट्ट नको. खांदे खाली ओढण्याची पहिली हालचाल बिघडली की सेट संपला, मग तो आठव्या रेपला का असेना.

बार तोलून घ्या. जिममध्ये वजनकाटा असतोच. आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग बार उभा धरून, आणि वजाबाकी करा. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत पुरुषांचा बार २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा. पण जिममध्ये त्याच लांबीचे १२ ते १८ किलोचेही सापडतात, आणि एकाच जिममधले दोन बारही सारखे नसतात. रोज तोच बार घ्या, नाहीतर वहीतले आकडे खोटे ठरतात. टोकाला रंगीत चिकटपट्टीची खूण करायला परवानगी मागा.

एकट्याने बेंच करायचा तर तो फक्त आडव्या पिना असलेल्या रॅकमध्ये. बाक रॅकच्या आत ओढून घ्या. पिना अशा भोकात लावा की पाठीची कमान आणि खवाट्यांची मांडणी पक्की असताना बार छातीला टेकतो, पिनांना नाही. मग श्वास पूर्ण सोडा, कमान सैल करून पाठ बाकावर सपाट करा. आता बार पिनांवर विसावला पाहिजे आणि छाती त्याच्या खालून मोकळी निघाली पाहिजे. तसाच गळ्याच्या वरही नेऊन पाहा, तिथेही तो पिनांवरच थांबायला हवा. हे सगळं रिकाम्या बारने करून बघायचं, दर वेळी, कारण आदल्या संध्याकाळी कुणीतरी पिना स्क्वॉटसाठी हलवलेल्या असतात. पिनांचा रॅक नसेल तर त्या दिवशी डंबेल प्रेस करा.